कॅथलिक घर की प्रोटेस्टंट? कॅम्पातल्या ख्रिस्ती साहित्याच्या दुकानांतली खरेदी

काउंटरपाशी जाऊन "एक क्रॉस दाखवा" म्हटल्यावर जो दुकानदार कपाट उघडण्याआधी "कुणासाठी हवाय? कॅथलिक घर आहे की प्रोटेस्टंट?" असं विचारतो, त्याच्याकडून निर्धास्त खरेदी करावी. पुण्याच्या कॅम्पात आणि क्वार्टर गेटच्या आसपास ख्रिस्ती साहित्य विकणारी छोटी दुकानं आहेत, काही चर्चच्या आवारात रविवारी पुस्तकांचं टेबल लागतं, आणि नोव्हेंबर संपता संपता चांदण्या आणि येशूजन्माच्या देखाव्याचे गोठे विकणारे हंगामी स्टॉल उभे राहतात. माल बराचसा सारखा असतो. दुकान चांगलं की साधारण, हे ठरतं या प्रश्नावर. तो न विचारता बांधून दिलेली भेट त्या घरात कपाटाच्या वरच्या फळीवर जाऊन बसते, आणि देणाऱ्याला ते कधी कळतही नाही.

पुण्यातला बिगरख्रिस्ती ग्राहक इथे येतो तो बहुधा आमंत्रण हातात आल्यावर. सहकाऱ्याच्या बाळाचा बाप्तिस्मा, शेजाऱ्यांचं नवं घर, मैत्रिणीचं लग्न, नाहीतर कुणाचं निधन. "ते ख्रिश्चन आहेत" एवढंच त्याला ठाऊक असतं. म्हणून वस्तूंकडे जाण्याआधी घर कोणत्या चर्चचं आहे हे कसं ओळखायचं ते पाहू.

चर्चच्या नावावर जाऊ नका

नावात "सेंट" किंवा "मेरी" आलं की चर्च कॅथलिक, असा समज सर्रास आढळतो. कॅम्पातलं सेंट मेरीज चर्च १८२५ सालचं. त्याचा समर्पणविधी बिशप हेबर यांनी केला. ते अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतलं असून आज चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सी.एन.आय.कडे आहे, थोडक्यात, प्रोटेस्टंट. "कॅथेड्रल" हा शब्दही असाच चकवतो. ज्या चर्चमध्ये बिशपांचं आसन असतं ते कॅथेड्रल, एवढाच त्याचा अर्थ. सेंट पॅट्रिक्स हे कॅथलिकांचं कॅथेड्रल, तर गुरुवार पेठेतलं १८८५ सालचं पवित्र नाम देवालय हे सी.एन.आय.चं. बिशप दोन्हीकडे असतात. क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च मात्र कॅथलिक. सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेल्या जागेवर ते १७९२ साली उभं राहिलं.

पवित्र नाम देवालय म्हणजे पुणेकरांचं पंचहौद मिशन. १८९० साली टिळक, रानडे आणि इतर मंडळी तिथे चहाला गेली आणि त्यावरून प्रायश्चित्ताचा वाद पेटला, ते हेच ठिकाण. इथली अँग्लिकन परंपरा कॅथलिकांना जवळची आहे. वेदी, मेणबत्त्या, झगे, विधींचा थाट पाहून नवखा माणूस याला कॅथलिक चर्चच समजतो. भेटवस्तू घेताना हे लक्षात ठेवावं, कारण प्रोटेस्टंटांबद्दलचे सगळेच ठोकताळे पंचहौदच्या घरांना लागू पडत नाहीत.

नावापेक्षा बोलण्यातले शब्द जास्त खात्रीचे. घरातले लोक "मिस्साला जातो" म्हणत असतील तर कॅथलिक. "उपासनेला जातो" किंवा "आमची मंडळी" म्हणत असतील तर प्रोटेस्टंट. कॅथलिकांचे फादर अविवाहित असतात. प्रोटेस्टंटांकडे पाळकसाहेब, पास्टर किंवा रेव्हरंड असतात, ते बहुधा संसारी असतात. संभाषणात "पाळकीणबाई" आल्या की पुढे काही विचारायलाच नको. सी.एन.आय.मध्ये स्त्रियांनाही पाळकपदाची दीक्षा मिळते, कॅथलिक चर्चमध्ये मिळत नाही. आणि घरात पोपचा फोटो असेल तर ते घर कॅथलिक. (जुन्या साठ्यातल्या कॅलेंडरांवर आणि फोटोंवर अजून पोप फ्रान्सिस दिसतात. त्यांचं निधन एप्रिल २०२५ मध्ये झालं, मे महिन्यापासून पोप चौदावे लिओ आहेत. नवा फोटो हवा असेल तर तसं सांगून मागा.)

प्रोटेस्टंट म्हणजेही एकच एक चर्च नव्हे, आणि दुकानदाराची खरी परीक्षा इथे होते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चसंस्था एकत्र येऊन सी.एन.आय. झालं. त्यात अँग्लिकन होते, बाप्टिस्ट होते, ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट होते. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट बाहेर राहिले. त्यांची आजची संस्था मेथडिस्ट चर्च इन इंडिया. पेंटेकॉस्टल मंडळ्या या दोन्हींहून निराळ्या, बऱ्याचदा हॉलमध्ये जमणाऱ्या, नावात फेलोशिप किंवा असेंब्ली असलेल्या. पुण्यात स्पायसर विद्यापीठामुळे सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्टही ओळखीचे आहेत. ते शब्बाथ शनिवारी पाळतात, दारू आणि डुकराचं मांस वर्ज्य मानतात. त्यांच्याकडे रम घातलेला प्लम केक नेऊ नये आणि शनिवारी दुपारी दुकानात भेटू असं ठरवू नये. मुक्तिफौज, म्हणजे साल्वेशन आर्मी, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेणं) हे विधी करतच नाही. त्यांच्या घरी बाप्तिस्म्याचं कार्ड नेण्याचा प्रश्नच येत नाही.

क्रूस

सर्वाधिक खप याचाच, आणि चुकाही यातच सर्वाधिक. कॅथलिक घरातल्या क्रुसावर येशूचं शरीर असतं आणि डोक्याच्या वर लॅटिनमधल्या चार आद्याक्षरांची छोटी पट्टी. तिचा अर्थ "नासरेथचा येशू, यहूद्यांचा राजा". बहुतेक प्रोटेस्टंट रिकामा क्रूस लावतात. कॅथलिक बलिदान डोळ्यांसमोर ठेवतात. प्रोटेस्टंट म्हणतात, येशू क्रुसावर राहिला नाही, तो उठला. श्रद्धा दोघांचीही दोन्ही गोष्टींवर आहे, भर वेगळा. ल्यूथरन, म्हणजे मार्टिन ल्यूथरच्या परंपरेतले प्रोटेस्टंट, आणि पंचहौदसारखे अँग्लिकन शरीर असलेला क्रूसही वापरतात. पेंटेकॉस्टल घरात मात्र शरीर असलेला क्रूस मूर्तीसारखा वाटू शकतो; तिथे वचन लिहिलेली पाटी बरी.

काहीच कळलं नाही तर साधा, रिकामा लाकडी क्रूस घ्यावा. तो कॅथलिक घरातही खटकत नाही.

वस्तू म्हणून पाहायचं तर दाराच्या वर लावायला आठ ते दहा इंचांचा पुरतो. धातूचं शरीर लाकडावर दोन प्रकारे बसवलेलं असतं: बारीक खिळ्यांनी किंवा नुसत्या चिकटद्रव्याने. चिकटवलेलं पुण्याच्या पावसाळ्यात भिंतीला ओल धरली की पायाकडून सुटतं. दुकानातच क्रूस उलटा धरून पायांवर अंगठ्याने हलका दाब द्या. हललं तर घेऊ नका. मागची टांगायची कडी स्क्रूने बसवलेली हवी, स्टेपलरच्या पिनेने नको. शिसवी म्हणून दाखवलेल्या लाकडाची मागची, पॉलिश न केलेली कड पाहा. साधं लाकूड तिथे लगेच उघडं पडतं.

कॅथलिक घरासाठी क्रूस, जपमाळ किंवा मूर्ती घेतली तर घरचे लोक ती नंतर फादरांकडून आशीर्वादित करून घेतात. "आधीच आशीर्वाद दिलेला आहे" असं सांगून कुणी जास्त पैसे मागत असेल तर सरळ बाहेर पडा. आशीर्वादाची किंमत लावणं कॅथलिक शिकवणुकीत बसत नाही. पवित्र पाण्याची बाटली दुकानात रिकामी मिळते ती याच कारणाने. पाणी चर्चमधून भरून आणायचं असतं.

मूर्ती, संत आणि मरीया

"प्रोटेस्टंट मरीयेला मानत नाहीत का?" हा प्रश्न काउंटरवर वारंवार ऐकू येतो. मानतात: येशूची आई म्हणून, विश्वासाचा आदर्श म्हणून. तिच्याकडे प्रार्थना करत नाहीत. देव आणि माणूस यांच्यात ख्रिस्त हा एकच मध्यस्थ, हे त्यांचं म्हणणं. कॅथलिक मरीयेला आणि संतांना "आमच्यासाठी देवाकडे विनंती करा" अशी प्रार्थना करतात. आराधना फक्त देवाची आणि संतांना आदर, हा भेद त्यांच्याकडे काटेकोर आहे. हिंदू घरातून येणाऱ्या ग्राहकाला मूर्ती देणं आपुलकीचं वाटतं, आणि कॅथलिक घरात ते तसंच स्वीकारलंही जातं. साडी नेसवलेली वेलंकणी माता किंवा संत अँथनी यांची मूर्ती पुण्यातल्या कॅथलिक घरांत आवडीने ठेवतात. प्रोटेस्टंट घरात तीच मूर्ती अवघड होऊन बसते: ठेवता येत नाही, तुम्हाला सांगताही येत नाही.

प्लास्टरची मूर्ती घेताना नाक, बोटांची टोकं आणि तळ तपासा. तळ पोकळ आणि उघडा असेल तर ओल आत शिरते आणि रंगाचे पोपडे निघतात. फायबरची महाग पडते, पण टिकते.

बायबल: अनुक्रमणिका उघडा, मग किंमत विचारा

कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं, प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६. नवा करार दोघांचाही २७ पुस्तकांचा, पुस्तकं तीच. फरक जुन्या करारात: कॅथलिकांकडे ४६, प्रोटेस्टंटांकडे ३९. जास्तीची सात म्हणजे टोबीत, यहूदीथ, मक्काबींची दोन पुस्तकं, शलमोनाचं ज्ञान, सिराक आणि बारूख. शिवाय एस्तेर आणि दानीएल या पुस्तकांत काही जादा भाग. ही पुस्तकं प्राचीन ग्रीक संग्रहात होती, यहुदी धर्मगुरूंनी पुढे मान्य केलेल्या हिब्रू यादीत नव्हती. मार्टिन ल्यूथरने १५३४ च्या आपल्या जर्मन बायबलमध्ये ती छापली, पण वेगळी काढून, "वाचायला चांगली, पण शास्त्राच्या बरोबरीची नव्हेत" अशा दर्जाने. कॅथलिक चर्चने ट्रेंटच्या परिषदेत १५४६ साली ती शास्त्रातच आहेत असा निर्णय दिला. "प्रोटेस्टंटांनी सात पुस्तकं फाडून टाकली" आणि "कॅथलिकांनी सात पुस्तकं घुसडली" ही दोन्ही वाक्यं दुकानात ऐकायला मिळतात. दोन्ही अर्धवट आहेत.

ओळखायची युक्ती दहा सेकंदांची. अनुक्रमणिकेत नहेम्यानंतर लगेच एस्तेर आला तर पुढे मलाखी आणि मत्तय यांच्यामध्ये पाहा. तिथेही जादा विभाग नसेल, तर ते ६६ पुस्तकांचं बायबल. नहेम्यानंतर टोबीत आला, किंवा दोन करारांच्या मध्ये स्वतंत्र विभाग दिसला, तर त्यात जास्तीची पुस्तकं आहेत. कव्हरवर काय छापलंय यावर विसंबू नका. मराठीत कॅथलिक आवृत्ती कमी दुकानांत असते, आणि "सगळी सारखीच" म्हणत ६६ चं बायबल हातात ठेवणारे दुकानदार आहेत. कॅथलिक घराला ते चालत नाही असं नाही, पण मिस्सामध्ये सिराक किंवा ज्ञानग्रंथातलं वाचन आलं की ते त्यात सापडत नाही.

भाषेचंही पाहावं. बायबल सोसायटीचं पवित्र शास्त्र मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे. भाषा जुन्या वळणाची, पण लोकांची वचनं याच शब्दांत पाठ असतात, म्हणून सी.एन.आय. किंवा मेथडिस्ट घरासाठी तेच घ्यावं. ते अनुदानित असल्याने छापील किंमत कमी असते. त्याहून जास्त मागितलं तर छापील किंमत दाखवा. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेलं भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ साली पूर्ण छापून निघालं. त्यांचा हेतू गावातल्या साध्या बाईला कळेल असं मराठी लिहिण्याचा होता. पुण्याजवळच्या केडगावच्या मुक्ती मिशनशी नातं असलेल्या घरांना ही भेट फार मोलाची वाटते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं सुबोध बायबल साहित्य अकादमीने गौरवलेलं आहे. ख्रिस्ती नसलेल्या, पण बायबल मराठी ग्रंथ म्हणून वाचू इच्छिणाऱ्या माणसाला आम्ही आधी तेच सुचवू.

बांधणीबद्दल थोडं सविस्तर, कारण वापर वेगवेगळा आहे. प्रोटेस्टंट माणूस आपलं बायबल रविवारी काखेत घेऊन जातो, प्रवचन चालू असताना पाळकांनी सांगितलेला अध्याय उघडतो, पेन्सिलीने खुणा करतो. उपासनेचा कणा प्रवचन हाच, ते अर्धा तासही चालतं. त्यामुळे पुस्तक शिवलेलंच हवं. बरोबर मधोमध उघडून पानांच्या घडीत दोरा दिसतो का पाहा. नुसतं चिकटवलेलं असेल तर दोन वर्षांत स्तोत्रसंहितेचा गठ्ठा सुटून हातात येतो. कडेला पुस्तकांच्या नावांच्या अंगठ्याएवढ्या खाचा असतील तर उत्तम. चेनचं कव्हर घेऊ नका. धातूची चेन गंजते आणि पानांच्या कडा तिच्यात अडकून फाटतात. कॅथलिक मिस्सामध्ये वाचनं ठरलेली असतात, रविवारची तीन वर्षांच्या चक्रात फिरतात, आणि लोक ती बहुधा ऐकतात. घरातलं बायबल देव्हाऱ्यासारख्या कोपऱ्यात स्टँडवर उघडं ठेवलेलं असतं. त्यांच्यासाठी मोठा टाइप आणि कडक पुठ्ठा चांगला. पानाखाली बोट धरून पाहा. मागच्या बाजूची अक्षरं फार उमटत असतील तर वयस्कांना वाचवत नाही.

गाण्यांचं पुस्तक हवं असेल तर मराठी प्रोटेस्टंटांसाठी "उपासना संगीत" मागा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदं त्यात आहेत आणि उपासनेत गाणं क्रमांकाने पुकारलं जातं. म्हणून घरात असलेल्या प्रतीशी नवीन प्रतीचे क्रमांक जुळतात का, हे दोन-तीन गाणी काढून ताडून घ्यावं. कॅथलिकांची मराठी गायनपुस्तकं वेगळी. ती त्या-त्या चर्चमध्येच विचारून घ्यावीत, दुकानातून अंदाजाने नाही.

भिंतीवरच्या पाट्या

ही बारीक गोष्ट आहे, पण माहीत असावी. "दहा आज्ञा" लिहिलेली पाटी घेताना दुसरी ओळ वाचा. ती "कोरीव मूर्ती करू नको" अशी असेल तर पाटी अँग्लिकन, मेथडिस्ट आणि इतर बहुतेक प्रोटेस्टंटांच्या गणतीची. दुसरी ओळ "देवाचं नाव व्यर्थ घेऊ नको" अशी असेल तर कॅथलिकांची, आणि ल्यूथरनांचीही. उतारा एकच, निर्गम, अध्याय २०. कॅथलिक गणतीत मूर्तीची आज्ञा पहिलीतच धरली जाते आणि शेवटची लोभाची आज्ञा दोन भागांत मोजली जाते. दोन्हीकडे बेरीज दहाच. यावरून कॅथलिकांनी एक आज्ञा गाळली असा गैरसमज पसरतो, तो चुकीचा आहे.

प्रभूच्या प्रार्थनेची पाटीही अशीच शेवटून वाचावी. "वाइटापासून सोडव" इथे थांबत असेल तर कॅथलिक घराला जुळते. पुढे राज्य, सामर्थ्य आणि गौरव यांची ओळ असेल तर प्रोटेस्टंट घराला. मिस्सामध्येही ती ओळ येते, पण मध्ये फादरांची एक छोटी प्रार्थना होऊन मग. आणि श्रद्धेच्या अंगीकाराच्या पाटीत प्रोटेस्टंट मराठीत "पवित्र सार्वत्रिक मंडळी" असे शब्द असतात. इंग्रजी पाटीत त्याच जागी "कॅथलिक" हा शब्द छापलेला पाहून कुणी पाटी परत करायला येतो. तिथे कॅथलिक म्हणजे सार्वत्रिक, जगभरची. पाटी बरोबर असते.

जपमाळ

फक्त कॅथलिकांसाठी. मणी मोजा: पाच दशकांच्या, म्हणजे दहा-दहा मण्यांच्या पाच गटांच्या, माळेत ५९ हवेत. "नमो मरीया"चे ५३ लहान, "हे आमच्या बापा"चे सहा, थोडे मोठे किंवा अंतर सोडून ओवलेले. जोडाला एक पदक, टोकाला क्रूस. स्वस्त माळांत एखाद्या दशकात नऊ किंवा अकरा मणी निघतात, आणि डोळे मिटून बोटांनी जप करणाऱ्या माणसाला ते जाणवतंच. मणी जोडणाऱ्या तारेच्या कड्या पूर्ण बंद आहेत का पाहा. फट दिसली की माळ खिशात तुटणार. मुलामा दिलेल्या तारा घामाने हिरवट पडतात, रोजच्या वापराला दोऱ्यात गाठी मारलेली लाकडी माळ बरी.

सोबतची पुस्तिका घेताना गुरुवारचं पान उघडा. २००२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी प्रकाशाची पाच रहस्यं (जप करताना मनात आणायचे येशूच्या आयुष्यातले प्रसंग) जोडली, ती गुरुवारी म्हणतात. पुस्तिकेत आनंद, दुःख आणि वैभव एवढेच तीन संच असतील तर ती जुनी छपाई.

बाप्तिस्मा, पहिलं कम्युनियन, दृढीकरण

कार्डावर पाळण्यातलं बाळ छापलेलं असतं. कॅथलिक, सी.एन.आय. आणि मेथडिस्ट बाळांना बाप्तिस्मा देतात, तिथे ते शोभतं. बाप्टिस्ट परंपरेत आणि पेंटेकॉस्टल मंडळ्यांत स्वतः विश्वास कबूल करणाऱ्यालाच पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा देतात. बाळाचं तिथे "समर्पण" होतं. म्हणजे आमंत्रण बाप्तिस्म्याचं असेल आणि ज्याचा आहे तो वीस वर्षांचा असेल, तर पाळण्याचं कार्ड नेऊ नका. बायबल न्या. कोरडे कपडे, टॉवेल याची सोय मंडळी करते.

कॅथलिक मुलांचं पहिलं कम्युनियन, म्हणजे पहिलं प्रभुभोजन, साधारण आठ ते दहा वर्षांच्या वयात. दुकानात त्याचा संच मिळतो: पांढरी जपमाळ, छोटं प्रार्थनापुस्तक, मेणबत्ती, पदक. संच दिसायला छान, पण डब्यातली माळ बहुतेक वेळा प्लास्टिकची आणि पुस्तक इंग्रजी असतं. मूल मराठी मिस्साला जात असेल तर वस्तू सुट्या घेऊन बांधून घ्या. सी.एन.आय.मध्ये मुलं मोठी झाल्यावर, शिकवणीचा वर्ग पूर्ण करून, बिशपांच्या हातून दृढीकरण होतं, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळची श्रद्धा ती स्वतः कबूल करतात. तिथे नाव घातलेलं बायबल ही ठरलेली भेट. नाव सोनेरी अक्षरांत उमटवून घ्यायचं असेल तर आधी अनुक्रमणिका तपासा. नाव छापल्यावर कुठलंही दुकान प्रत परत घेत नाही.

समारंभाला जाणाऱ्या बिगरख्रिस्ती पाहुण्यासाठी एक सूचना: कम्युनियन वाटताना रांगेत उभं राहू नये. कॅथलिक शिकवणुकीत ती भाकर खरोखर ख्रिस्ताचं शरीर झालेली असते. ती बाहेर नेणं किंवा खिशात ठेवणं त्यांना मनापासून दुखावतं. प्रोटेस्टंटांत याबद्दल एकमत नाही, १५२९ साली जर्मनीतल्या मारबुर्गला ल्यूथर आणि स्वित्झर्लंडचे सुधारक झ्विंग्ली याच मुद्द्यावर तुटले, पण प्रभुभोजन सभासदांसाठी असतं हे तिथेही गृहीत आहे. जागेवर बसून राहणं दोन्हीकडे योग्य.

मंडळीच्या साहित्याबद्दल थोडक्यात. कॅथलिक मिस्साला गव्हाचीच बेखमीर भाकर आणि द्राक्षांचीच वाइन लागते. ती दुकानात शोधू नये. मेथडिस्ट आणि इतर अनेक मंडळ्या न आंबवलेला द्राक्षरस छोट्या कपांतून देतात. थॉमस वेल्च या मेथडिस्ट दंतवैद्याने १८६९ साली रस न आंबता टिकवण्याची रीत बसवली, तेव्हापासून हे सोपं झालं. कपांचा ट्रे घेताना कप सोबत नेऊन भोकांत बसवून पाहा. सैल बसले तर ट्रे हातोहात फिरताना रस सांडतो, घट्ट बसले तर उचलताना.

निधनानंतर

इथे चूक झाली तर ती लोकांच्या लक्षात राहते, म्हणून कार्ड छापायला देताना मजकूर दोनदा वाचावा. कॅथलिक मृतांसाठी प्रार्थना करतात. पूर्ण शुद्ध न झालेल्या आत्म्याला शुद्धिस्थानातून जावं लागतं आणि जिवंतांच्या प्रार्थनेची त्याला मदत होते, ही त्यांची शिकवण. म्हणून "आत्म्यास चिरशांती लाभो" हे शब्द, मृतासाठी मिस्सा, आणि २ नोव्हेंबरला कबरीवर मेणबत्त्या. बहुतेक प्रोटेस्टंट शुद्धिस्थान मानत नाहीत. ते मृतासाठी काही मागत नाहीत, त्याच्या आयुष्याबद्दल आभार मानतात आणि कुटुंबासाठी सांत्वन मागतात. त्यांच्या कार्डावर, कबरीच्या दगडावर "प्रभूमध्ये निजली", "ख्रिस्तात निजलेले" असे शब्द येतात, खाली एखादं वचन. फुलांचं चक्र दोन्हीकडे चालतं. छापखाना जोडलेल्या एखाद्या दुकानात एकच तयार मजकूर सगळ्यांना वापरतात. तिथे "आमचा मजकूर आम्ही देतो" म्हणून लिहूनच द्यावं, आणि वचनाचा अध्याय-ओळ क्रमांक घरच्यांकडून तपासून घ्यावा.

डिसेंबर

गोठा दोन्हीकडे लागतो, इथे निवांत खरेदी करावी. मापं सर्वांत उंच मूर्तीच्या इंचांत सांगतात, गोठ्याच्या नव्हे. सहा इंचांच्या संचाला फूट-दीड फुटाचा गोठा हवा. खोकं उघडून मोजा: योसेफ, मरीया, तीन मागी (पूर्वेकडून आलेले ज्ञानी), मेंढपाळ, जनावरं, आणि गव्हाणीतून वेगळा उचलता येणारा बाळ येशू. तो चिकटवलेला नको, कारण कितीतरी घरांत गव्हाण २४ तारखेच्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवतात. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या, चार मेणबत्त्यांत तीन जांभळ्या आणि एक गुलाबी, गुलाबी तिसऱ्या रविवारी. चारही लाल असलेला संच टेबलावर सुंदर दिसतो, पण कॅथलिक किंवा सी.एन.आय. कुटुंब जांभळ्याच मागेल. वचनांचं मराठी कॅलेंडर प्रोटेस्टंट घरांत आणि संतांचे सण, उपवासाचे दिवस दाखवणारं कॅथलिक घरांत जातं. दोन्ही डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातच संपायला लागतात, आणि रविवारी सकाळी बरीच दुकानं बंद असतात. शनिवारी संध्याकाळी गेलात तर गर्दी असते, पण चौकशी करायला काउंटरवर दोन माणसं असतात.